फॉर्मेशन शेवटी ठरवा: प्लेअरचा बाजार बघून टीमची स्ट्रॅटेजी कशी बांधायची

दर सीझनच्या आधी हेच होतं. कोणीतरी ग्रुपवर ४-३-३ फॉर्मेशनचं (चार बॅक, तीन मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड) चित्र टाकतो, खाली सगळे अंगठे देतात आणि मग त्या चित्रातली अकरा वर्तुळं भरायला माणसं शोधायची मोहीम निघते. नऊ भरतात पटकन. उरलेले दोन म्हणजे डाव्या पायाचा लेफ्ट बॅक आणि स्टॉपरच्या (मधल्या डिफेंडरच्या) पुढे उभा राहून सगळं झाडून काढणारा मिडफिल्डर, ते काही मिळत नाहीत, मिळालेच तर अव्वाच्या सव्वा मागतात, मग निम्मं बजेट तिकडे जातं आणि ऑगस्टमध्ये कळतं की आपल्याकडे विंगर (कडेने पळणारे) सात आहेत आणि हेडर मारणारा एकही नाही.

चूक माणसं निवडण्यात नसते, क्रमात असते. कुठल्या प्रकारचा प्लेअर आपल्या आवाक्यात भरपूर आहे आणि कुठला दुर्मिळ आहे हे आधी बघायचं, त्यावरून खेळायची पद्धत ठरवायची, फॉर्मेशन सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या जिल्हा लीग, कॉलेज, तालीम, ऑफिसची टीम अशांसाठी लिहिल्यात. मोठ्या क्लबांची उदाहरणं मधेमधे येतील कारण तिथला भाव सगळ्यांना दिसतो, पण हिशोब तोच आहे.

## तयारी: वही उघडायच्या आधी

चार गोष्टी हाताशी पाहिजेत.

लीगचे या सीझनचे नियम, छापील किंवा पीडीएफ. "गेल्या वर्षी असं होतं" यावर जाऊ नका. बाहेरचे किती, परदेशी किती, अंडर-२१ सक्तीचा आहे का, सब किती, सीआरएसवर (फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीवर) रजिस्ट्रेशनची शेवटची तारीख काय.

पैसे किती आहेत. देणगीदार काकांनी "बघू" म्हटलेले पैसे धरायचे नाहीत.

आठवड्याला प्रॅक्टिसचे तास किती, आणि त्याला खरंच किती जण येतात. हे बजेटच आहे हो, लोक मोजत नाहीत. ज्या टीमची प्रॅक्टिस आठवड्यातून दोनदाच होते आणि नऊच जण येतात ती टीम प्लेअर घडवू शकत नाही, तिला तयार माणूसच लागतो, म्हणजे तिला प्रत्येक गोष्ट महाग पडते.

आणि गेल्या सीझनला तुमच्या डिव्हिजनमधल्या बाकीच्या टीम्स कशा खेळल्या याच्या नोंदी. व्हिडिओ असतील तर उत्तम, नाहीतर दोन जुने रेफरी आणि एक रिटायर्ड कोच यांच्यासोबत चहा. कधीकधी तेच व्हिडिओपेक्षा जास्त कामाचं निघतं.

## १. पोझिशन लिहू नका, कामं लिहा

"लेफ्ट बॅक पाहिजे" असं लिहिलं की डोकं लगेच लेफ्ट बॅकच शोधायला लागतं. त्याऐवजी टीमला मॅचमध्ये कुठली कामं करून घ्यायची आहेत ते लिहा. मागून बॉल बाहेर कोण काढणार, हवेतला बॉल कोण जिंकणार, मैदान रुंद कोण ठेवणार, स्टॉपरच्या मागे पळणार कोण, बॉक्समध्ये बॉल येईल तेव्हा तिथे असणार कोण, बॉल गेला की पहिला अंगावर जाणार कोण, कॉर्नर आणि लांब थ्रो कोण टाकणार.

असं लिहिलं की लक्षात येतं, एकच काम तीन वेगळ्या पोझिशनचा माणूस करू शकतो. रुंदी विंगर देईल किंवा विंग बॅक (कडेने वर-खाली पळणारा बॅक) देईल. मागून बॉल स्टॉपर काढेल, मिडफिल्डर खाली येऊन काढेल, नाहीतर कीपर सरळ लांब मारेल आणि तो प्रश्नच मिटेल. पुढचं सगळं गणित या मोकळीकीवर चालतं, म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका.

चेक: तुमच्या यादीत "बॅक", "फॉरवर्ड", "सहा नंबर", "दहा नंबर" असले शब्द असतील तर परत लिहा.

## २. आवाक्यातला साठा मोजा

आता प्लेअर. पण "चांगले प्लेअर कोण" ही यादी नको. टाइपनुसार मोजा. तुमच्या भागात, तुमच्या पैशात, प्रॅक्टिसला पोचता येईल अशा अंतरावर कुठल्या टाइपचे किती जण आहेत ते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चित्र साधारण सारखंच निघतं. टर्फवर फाइव्ह-अ-साइड खेळून मोठी झालेली पोरं: पाय झकास, छोट्या जागेत वळतात, ड्रिबल मस्त, आणि चाळीस यार्डांचा पास किंवा हवेतला बॉल आला की गडबड. म्हणजे विंगर आणि दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागे खेळणारा) टाइप रग्गड. स्टॉपर कमी, कारण लहानपणी कोणाला स्टॉपर व्हायचंच नसतं. कीपर त्याहून कमी. डाव्या पायाचा बॅक तर विचारूच नका, डाव्या पायाचा पोरगा थोडा जरी चांगला निघाला तरी सगळे त्याला पुढे ढकलतात.

पण हे गृहीत धरू नका, मोजा. कोल्हापुरात तालमीच्या टीमला मिळणारा साठा वेगळा, मुंबईत कूपरेजवर किंवा बांद्र्याला खेळणाऱ्या टीमचा वेगळा, गोव्यात तर वाड्यावाड्यात प्लेअर. कॉलेजची टीम असेल तर साठा दर वर्षी बदलतो, ॲडमिशनची लिस्ट लागली की.

मोजताना प्रत्येकापुढे तीन खुणा: कुठलं काम आज करू शकतो, कुठलं काम शिकवलं तर करेल, आणि सलग किती आठवडे उपलब्ध आहे. तिसरी खूण लोक विसरतात. शिफ्टची नोकरी असलेला भारी मिडफिल्डर महिन्यात दोन मॅच खेळणार असेल तर तो अर्धा प्लेअर.

सावधान: ट्रायलला आलेल्या पोरांना "तू कुठे खेळतोस" एवढंच विचारून नोंद करू नका. दहातले सात "स्ट्रायकर किंवा विंग" सांगतात. खेळवून बघा.

## ३. फरक काढा, इथेच पैसे वाचतात

सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात, म्हणून थोडं सावकाश.

आपण विचार करतो की कुठली पोझिशन "महत्त्वाची". कोण म्हणतं स्ट्रायकर, कोण म्हणतं कीपर, आणि वाद रात्री एकपर्यंत. वाद निरर्थक आहे कारण पैसे महत्त्वाला द्यायचे नसतात, फरकाला द्यायचे असतात. प्रत्येक कामासाठी दोन माणसं लिहा: पैसे टाकून मिळणारा सगळ्यात चांगला, आणि एक रुपया न देता उद्या सकाळी ग्राउंडवर येईल असा. दोघांना दहापैकी मार्क द्या. वजाबाकी करा.

समजा विंगर: विकतचा ७, फुकटचा ६. फरक १. स्ट्रायकर: विकतचा ८, फुकटचा ४. फरक ४. कीपर: विकतचा ७, फुकटचा ५. फरक २. आता विंगर मागतोय पंधरा हजार आणि कीपर पण पंधराच मागतोय, तर विंगरला पैसे देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, मग तो कितीही फेमस असो आणि रील्समध्ये कितीही नाचो. कीपरला द्या. स्ट्रायकरचा फरक सगळ्यात मोठा, पण तो साठ हजार मागत असेल तर थांबा, त्याचं काय करायचं ते सहाव्या पायरीवर.

एक आडवळण. भरपूर असलेल्या टाइपचा जोडीदार महाग होतो. तुमच्याकडे क्रॉस टाकणारे सहा विंगर असतील तर बॉक्समध्ये हेडर मारणारा एक माणूस तुम्हाला बाकीच्या टीम्सपेक्षा जास्त उपयोगाचा आहे, त्याला चार पैसे जास्त दिले तरी चालतील. उलट क्रॉस टाकणाराच नसेल तर तोच सहा फुटी हेडरवाला तुमच्याकडे उभा राहून राहून थंड पडेल. मार्क देताना प्लेअरला एकट्याला बघू नका, त्याच्या आजूबाजूला कोण असणार ते धरून द्या.

चेक: दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांचं न बघता मार्क दिलेत का? कोचच्या भाच्याला कोचने दिलेले मार्क बाद.

## ४. नियम म्हणजे पण पैसाच

कोट्याची जागा ही सगळ्यात महाग वस्तू. ती कुठल्या टाइपवर खर्च करायची याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग.

२०१४ ला सुरू झाली तेव्हा मैदानात एका वेळी सहा परदेशी चालायचे. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. आता बघा काय झालं. सुरुवातीच्या सीझनांमध्ये परदेशी कीपर सर्रास दिसायचे, केरळा ब्लास्टर्सकडे २०१४ ला डेव्हिड जेम्स होता, एफसी गोवाकडे यान शेडा. जागा कमी झाल्या तसे परदेशी कीपर जवळपास गायबच झाले. का? भारतीय कीपर आणि परदेशी कीपर यातला फरक कमी, भारतीय स्ट्रायकर आणि परदेशी स्ट्रायकर यातला फरक मोठा. मोजकी जागा मोठ्या फरकाकडे जाणारच. गोल्डन बूट (सगळ्यात जास्त गोलांचं बक्षीस) बघा, पहिल्या सीझनपासून २०२४-२५ पर्यंत एकदाही भारतीयाला नाही, त्या वर्षी नॉर्थईस्ट युनायटेडच्या अजाराईने २३ गोल मारले.

क्लबच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पण त्याचं दुसरं टोक पण बघून ठेवा. नऊ नंबरला (स्ट्रायकरच्या जागी) परदेशी उभा म्हणून भारतीय पोरगा विंगवर खेळतो किंवा बाकावर बसतो, त्याला नऊ नंबरची मिनिटं मिळत नाहीत, म्हणून फरक अजून वाढतो, म्हणून पुढच्या वर्षी परत परदेशीच. हे चक्र इतकं घट्ट आहे की जून २०२४ ला रिटायर झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, परत नॅशनल टीममध्ये बोलवावं लागलं, आणि मालदीवविरुद्ध त्याने गोलही मारला. विंगर मात्र देशात हवे तेवढे.

तुमच्या लेव्हलला याचा अर्थ असा: बाहेरच्या प्लेअरचा कोटा दोन असेल तर तिसऱ्या पायरीतले सगळ्यात मोठे दोन फरक शोधा आणि कोटा तिथेच वापरा. बाहेरचा विंगर आणणाऱ्या टीम्स बघितल्या की मला खरंच कळत नाही काय बोलावं, घरात सात बसलेत.

सावधान: अंडर-२१ सक्ती असेल तर त्या पोराला "कुठेतरी लपवू" म्हणून राइट बॅकला टाकतात आणि समोरचा कोच पहिल्या दहा मिनिटांत तिकडेच बॉल टाकायला सांगतो. आवाक्यात चांगले अंडर-२१ कुठल्या टाइपचे आहेत ते दुसऱ्या पायरीत बघितलंच आहे, सक्तीची जागा तिथेच ठेवा.

## ५. बाकीचे काय मागतायत ते बघा

साठा ही एक बाजू झाली. भाव ठरतो मागणीने, आणि फुटबॉलमध्ये मागणी म्हणजे बरीचशी नक्कल. कोणीतरी जिंकतो, मग सगळ्यांना त्याच्यासारखाच प्लेअर पाहिजे असतो.

पायाने खेळणाऱ्या कीपरची हवा आली तो काळ आठवा. २०१७ ला मँचेस्टर सिटीने एडरसन घेतला, २०१८ ला लिव्हरपूलने अलिसन, आणि त्याच उन्हाळ्यात आपला कीपर कोर्तुआ रेआल माद्रिदला निघाल्यावर चेल्सीने केपासाठी ८ कोटी युरो मोजले, कीपरसाठीचा विक्रम. दोन वर्षांनी त्याच चेल्सीने फ्रान्सच्या रेन क्लबकडून मेंडी घेतला, केपाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात, आणि २०२१ ची चॅम्पियन्स लीग गोलमध्ये मेंडीला उभं करून जिंकली. भाव वर असताना आणि वेळ संपत आलेली असताना घेतलं की असंच होतं, गणपतीच्या आदल्या दिवशी फुलं घ्यायला गेल्यासारखं.

२०२३ च्या उन्हाळ्यात होल्डिंग मिडफिल्डरची (तोच, स्टॉपरच्या पुढे उभा राहणारा) पाळी. आर्सेनलने डेक्लन राइससाठी १० कोटी पाउंड अधिक ५० लाख, चेल्सीने कैसेदोसाठी १० कोटी अधिक दीड कोटी. त्या टाइपचे जगात मोजके, आणि चार-पाच श्रीमंत क्लबना एकाच वेळी पाहिजे.

तुमच्या जिल्ह्यातही हे होतं, फक्त आकडे हजारात. गेल्या वर्षीचा चॅम्पियन उंच स्टॉपर आणि लांब बॉलवर जिंकला असेल तर या वर्षी सगळे उंच स्टॉपरच्या मागे. त्यांना जाऊ दे. त्या वेळी कोण स्वस्त झालाय ते बघा. सगळे उंच आणि जड होतायत म्हणजे छोटा, पटकन वळणारा फॉरवर्ड यांना कोणालाच नकोय, आणि जड स्टॉपरला सगळ्यात जास्त त्रास तोच देतो.

काम सोपं आहे. डिव्हिजनमधल्या प्रत्येक टीमपुढे लिहा की त्यांना या वर्षी कुठला टाइप पाहिजे. ग्राउंडवर पंधरा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं, कोणी लपवत नाही. ज्या टाइपपुढे चारपेक्षा जास्त नावं येतात त्याच्या लिलावात उतरायचं नाही, अपवाद एकच: तुमच्याकडे पैसा खरंच सगळ्यांपेक्षा जास्त असेल तर. तसं असेल तर हा लेख वाचायची गरज पण नाही म्हणा.

## ६. दुर्मिळ कामाचं काय करायचं: घ्या, घडवा, वाटून टाका

यादीत आता एक-दोन कामं अशी उरलीत की माणूस मिळत नाही किंवा परवडत नाही. रस्ते तीनच.

घ्या. सगळे पैसे एकाच ठिकाणी. हे तेव्हाच, जेव्हा बाकी दहा जागांवर फुकटचा माणूस किमान चालणारा आहे. नाहीतर भारी स्ट्रायकर आणून त्याला बॉलच पोचत नाही असं होतं.

घडवा. माझं मत विचाराल तर आपल्या लेव्हलला हाच सगळ्यात दुर्लक्षित रस्ता. कैसेदोसाठी लिव्हरपूलने पण बोली लावली होती, नाही मिळाला. पुढच्या वर्षी त्याच टाइपच्या सुबिमेंडीने नकार दिला. मग नवीन कोच स्लॉटने टीममध्येच असलेल्या ग्राफेनबेर्खला, जो पुढे बॉल घेऊन पळणारा मिडफिल्डर म्हणून आला होता, स्टॉपरच्या पुढे उभं केलं आणि २०२४-२५ ची प्रीमियर लीग जिंकली. आपल्या जवळचं उदाहरण मंदार राव देसाई. गोव्याचा पोरगा, विंगर, एफसी गोवाला कोच लोबेराने त्याला लेफ्ट बॅक केला. भारतात डाव्या पायाचे बॅक कमी आणि विंगर ढीगभर, म्हणजे स्वस्त मालातून महाग माल तयार केला. पुढे लोबेरा मुंबई सिटीला गेला तेव्हा मंदारही गेला आणि २०२०-२१ ला मुंबईने आयएसएलची शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर) आणि ट्रॉफी (फायनल) दोन्ही घेतली.

कुठलं रूपांतर किती जड जातं ते माहिती पाहिजे. विंगरचा विंग बॅक: सोपं, पळणं आणि क्रॉस आहेच, मागच्या खांद्यावरून बघायची सवय लावावी लागते. मिडफिल्डरचा स्टॉपर: खेळ वाचता येत असेल तर सोपं, बार्सिलोनाने माशेरानोला उंची नसताना स्टॉपर करून वर्षानुवर्षं खेळवलं. विंगरचा स्ट्रायकर: मध्यम, कारण पाठीवर माणूस घेऊन बॉल धरणं वेगळीच गोष्ट आहे. स्टॉपरचा होल्डिंग मिडफिल्डर: दिसतं सोपं पण अवघड, चारी बाजूंनी प्रेशर येतं आणि स्टॉपरला फक्त समोरून यायची सवय. कीपर घडवायला एक सीझन पुरत नाही, तो विषय सोडा.

चेक: घडवायचं ठरवलं तर किमान दोन महिने प्रॅक्टिस आहे का, आणि त्या पोराला स्वतःला ते मान्य आहे का? "या मॅचपुरता बॅक खेळ" असं सांगून नेलेला विंगर तिसऱ्या मॅचला रुसतो. सरळ बसवून सांगा की बाबा विंगला तुझ्या पुढे चार जण आहेत, बॅकला कोणीच नाही.

वाटून टाका. काम एका माणसाकडून काढून तिघांत टाकायचं. डिसेंबर २०११ ला स्पेनचा स्ट्रायकर डेव्हिड विया याचा पाय मोडला, स्पेनकडे त्याच्या तोडीचा स्ट्रायकर राहिला नाही आणि मिडफिल्डर मात्र गरजेपेक्षा जास्त. युरो २०१२ ला कोच देल बोस्केने मिडफिल्डर सेस्क फाब्रेगासला पुढे ठेवला, गोल करायचं काम सगळ्यात वाटलं आणि फायनलला इटलीला ४-० ने काढलं. आपल्याकडे हे करताना एक गोष्ट हमखास विसरतात: काम वाटलं म्हणजे कोण कधी बॉक्समध्ये पोचणार हे नावानिशी ठरवावं लागतं. नाही ठरवलं तर क्रॉस येतो आणि बॉक्समध्ये फक्त त्यांचे स्टॉपर असतात.

## ७. जे तुम्हाला मिळत नाही ते त्यांनाही मिळत नाही

ही पायरी लोक पूर्णच गाळतात, आणि मॅचेस इथे जिंकल्या जातात.

तुमच्या गावात डाव्या पायाचा बॅक नाही ना? मग बाकीच्या टीम्सकडे पण नाही. त्यांनी तिथे कोणाला उभं केलंय? उजव्या पायाचा कोणीतरी, बऱ्याचदा टीममधला सगळ्यात कच्चा माणूस, "तिकडे कमी बॉल येतो" म्हणून. म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला विंगर उजव्या बाजूला पाहिजे. पोरं मागतात डावी बाजू, आत येऊन उजव्याने मारायला, टीव्हीवर तसंच दिसतं. नाही म्हणा. त्याला सांगा, पहिली पंधरा मिनिटं बाहेरच्या बाजूने जायचं, त्या बॅकला डाव्या पायावर ढकलायचं. डाव्याने क्लिअर करायला लागला की बॉल एक तर लाइनबाहेर नाहीतर आपल्याच मिडफिल्डकडे.

तसंच कीपरचं. डिव्हिजनमध्ये हवेत चांगले कीपर नसतील तर कॉर्नर आणि लांब थ्रो यांची किंमत वाढते, आणि ते शिकायला एक रुपया लागत नाही, प्रॅक्टिसची वीस मिनिटं लागतात. इंग्लंडचा ब्रेंटफर्ड आणि डेन्मार्कचा मिडियुलँड, दोन्हीत तेव्हा पैसा एकाच मालकाचा होता, दोघांनी हेच केलं. भारी प्लेअर परवडत नव्हते तेव्हा सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक, थ्रो) कोच लावला.

सावधान: ही टंचाई दर टीमची वेगळी तपासा. एखाद्या टीमला नशिबाने चांगला लेफ्ट बॅक मिळालेला असतो, आणि त्या मॅचला प्लॅन तोच ठेवला तर तुमचा विंगर पासष्टाव्या मिनिटाला खांदे पाडून चालत असतो.

## ८. आता फॉर्मेशन

आत्ता चित्र काढा. धरून चला की पुण्यातली एक टीम आहे, मागच्या पायऱ्यांमधून हे निघालं: विंगर पाच, त्यातले दोन बॅक व्हायला तयार. स्टॉपर तीन, तिघेही उंच, तिघेही हळू. होल्डिंग मिडफिल्डर शून्य. पळून दमवणारे साधे मिडफिल्डर चार. स्ट्रायकर विकतचा परवडत नाही, फुकटचा एक आहे, गोल मारत नाही पण बॉल धरतो. कीपरसाठी पैसे आहेत.

४-३-३ काढलं तर होल्डिंगच्या जागेवर भोक, आणि दोनच हळू स्टॉपर उघड्यावर. त्याऐवजी ३-५-२. तिन्ही स्टॉपर एकमेकांना सांभाळतात, डिफेन्सची लाइन थोडी खाली, आपल्या गोलकडे ठेवायची म्हणजे मागे जागाच राहत नाही. बॅक व्हायला तयार असलेले दोन विंगर विंग बॅक. मध्ये तीन पळणारे, होल्डिंगचं काम आळीपाळीने, एक गेला की दोन थांबणार. पुढे बॉल धरणारा एक आणि उरलेल्या विंगरपैकी सगळ्यात वेगवान त्याच्या बाजूने पळणारा. पैसे सगळे कीपरला, कारण लाइन खाली म्हणजे क्रॉस आणि लांबून शॉट जास्त येणार. बाकीचे दोन विंगर साठाव्या मिनिटाला विंग बॅकच्या जागी ताजे. तीन उंच स्टॉपर आहेत म्हणजे कॉर्नर पण तुमचेच.

कोणी म्हणेल ३-५-२ बघायला बोअर आहे. असेल. पण यात एकही माणूस अशा ठिकाणी उभा नाही जिथे त्याला झेपत नाही.

मोठ्या लेव्हलला हाच विचार सिटीने २०२२-२३ ला केला. झिनचेंको विकलेला, कान्सेलोला जानेवारीत बायर्नला लोनवर पाठवलेलं, फुल बॅक (कडेचे बॅक) मोजकेच उरले, स्टॉपर मात्र चांगले भरपूर. कोच ग्वार्दिओलाने अजून फुल बॅक विकत आणत बसण्यापेक्षा आके आणि अकांजी या स्टॉपरना बाजूला लावलं, तिसरा स्टॉपर स्टोन्सला बॉल आपल्याकडे असताना मिडफिल्डमध्ये ढकललं, आणि तीन ट्रॉफ्या.

चेक: अकरा जणांच्या नावापुढे पहिल्या पायरीतली कामं लिहा. एखादं काम कोणाच्याच नावापुढे नसेल तर चित्र परत काढा. एका माणसापुढे चार कामं असतील तर पुढची पायरी नीट वाचा.

## ९. एक माणूस काढून बघा

प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारा: हा सहा आठवडे नाही, मग काय? उत्तर "मग वाट लागली" असं असेल तर तुमची स्ट्रॅटेजी त्या एका माणसाच्या गुडघ्यावर उभी आहे. सप्टेंबर २०२४ ला आर्सेनलविरुद्धच्या मॅचमध्ये सिटीचा होल्डिंग मिडफिल्डर रोद्रीचा गुडघा गेला, सलग चार वेळा लीग जिंकलेली सिटी त्या सीझनला तिसरी आली. पैसा अमाप असून त्यांना तसा दुसरा मिळाला नाही, कारण तो टाइपच दुर्मिळ आहे.

दुर्मिळ माणसाचा बॅकअप दुर्मिळच असणार, म्हणून दुसरा तसाच शोधत बसू नका. दुसरं फॉर्मेशन तयार ठेवा ज्यात ते काम लागतच नाही, आणि महिन्यातून एक प्रॅक्टिस मॅच त्याच्यावर खेळा. वरच्या उदाहरणात बॉल धरणारा स्ट्रायकर गेला तर पुढे दोन वेगवान ठेवून सरळ स्टॉपरच्या मागे बॉल टाकायचा, बस.

## १०. मध्यावर परत मोजा, आणि विकायची लाज बाळगू नका

पाच-सहा मॅच झाल्या की समोरचे तुम्हाला ओळखतात. उजव्या बाजूने त्रास होतोय म्हटल्यावर ते तिकडे चांगला माणूस आणतात, म्हणजे दुसरी कुठली तरी जागा उघडी पडते. ५ आणि ७ या पायऱ्या परत करा, बाकी सगळं करायची गरज नाही.

आणि घडवलेला पोरगा आता बाजारात दिसायला लागलेला असतो. वरच्या डिव्हिजनचा क्लब फोन करेल. तेव्हा रडायचं नाही. ब्रेंटफर्डने २०१९ ला स्ट्रायकर मोपे विकला, विंगवर खेळणाऱ्या वॉटकिन्सला मध्ये आणून स्ट्रायकर केला, २०२० ला तो पण विकला, पीटरबरोकडून आयव्हन टोनी घेतला, २०२१ ला प्रीमियर लीगमध्ये. प्रत्येक वेळी पुढचा माणूस आधीच बघून ठेवलेला होता. तुमच्या लेव्हलला ट्रान्स्फर फी कदाचित फुटबॉलचा एक सेट आणि बिब्स एवढीच मिळेल, तरी एनओसी (क्लब सोडायची परवानगी) अडवून पोरगा घरी बसवू नका, पुढच्या वर्षी बॅक व्हायला कोणी तयार होणार नाही. एनओसी देताना मात्र दोन गोष्टी करून घ्या: ट्रान्स्फरची मुदत (विंडो) संपायच्या आधी निर्णय कळवायचा असं क्लबकडून लेखी घ्या, आणि जाणाऱ्या पोराला शेवटचे दोन आठवडे त्याच्या जागेवर येणाऱ्यासोबत प्रॅक्टिसला उभं करा.